वाचक विचारतात : सामुराई सरदारांच्या घरात

मागच्या अंकात जपानी किल्ल्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की हे किल्ले दगडांपेक्षा सोयरिकींवर जास्त उभे होते. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की हा अंक त्यांनाच दिला. तलवारी, चिलखतं आणि हाराकिरीबद्दलची पत्रं बाजूला ठेवली आहेत, त्यांचा नंबर पुढे लागेल. आज फक्त घरातली माणसं.

प्रश्न : एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत, ही एकीची गोष्ट एका जपानी सरदारानं मरताना आपल्या तीन मुलांना सांगितली असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. ही गोष्ट मोरी मोतोनारीच्या नावावर खपते (मोरीतला 'मो' लांबवून म्हणायचा आणि न्हाणीघर डोक्यातून काढून टाकायचं). पण तो १५७१ मध्ये वारला, तेव्हा थोरला मुलगा ताकामोतो जाऊन आठ वर्षं झाली होती. तिसरा बाण घेणार कोण?

गोष्ट खोटी असली तरी तिच्यामागे एक खरा कागद आहे आणि तो गोष्टीपेक्षा कितीतरी वाचनीय आहे. १५५७ मध्ये साठीला आलेल्या मोतोनारीनं तिन्ही मुलांना मिळून चौदा कलमांचं पत्र लिहिलं. त्यात बाणबिण काही नाहीत, काळजीनं पोखरलेला एक बाप आहे. त्याची अडचण समजून घ्यायला हवी. दुसऱ्या मुलाला, मोतोहारूला, त्यानं किक्कावा घराण्यात दत्तक दिलं होतं आणि तिसऱ्याला, ताकाकागेला, कोबायाकावा घराण्यात. 'दिलं' म्हणजे काय, घुसवलंच. किक्कावांच्या आधीच्या प्रमुखाला सक्तीनं गादीवरून उतरवलं आणि १५५० मध्ये मारून टाकलं. कोबायाकावांच्या थोरल्या पातीचा प्रमुख आंधळा होता. त्याला बाजूला सारलं आणि त्याच्या बहिणीशी ताकाकागेचं लग्न लावलं. दोन घरं खिशात आली, पण आता तीन सख्खे भाऊ तीन आडनावांचे झाले. ते एकमेकांवर उलटले तर सगळंच मुसळ केरात. म्हणून बाप बजावतो : तुम्ही दुसऱ्यांची नावं लावता ती तात्पुरती समजा, मोरी हे नाव विसराल तर याद राखा.

मला मात्र त्या पत्रातली बारीकसारीक कलमं जास्त आवडतात. मुलांची आई म्योक्यू जाऊन बारा वर्षं झाली होती. तुम्ही तिघं एक राहिलात तर तिचं याहून मोठं श्राद्ध नाही, असं तो लिहितो. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तुमच्या बरोबरीनं वागवा, नाहीतर मला वाईट वाटेल, असंही एक कलम आहे. आपल्या हातून बरीच माणसं मेली, त्याचं फळ कुठेतरी फेडावं लागणारच, हे तो कसलाही आव न आणता कबूल करतो. अकराव्या वर्षी एका फिरत्या साधूकडून शिकलेलं नामस्मरण आपण रोज सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून करतो, तुम्हीही करा, असा आग्रहही आहे.

आणि मग नवव्या कलमात हा प्रेमळ म्हातारा एकदम वेगळाच दिसतो. नंतरच्या बायकांपासून झालेल्या लहान मुलांना तो किड्यामुंग्यांसारखी पोरं म्हणतो. त्यांच्यातलं एखादं बऱ्यापैकी निघालं तर दया म्हणून कुठेतरी लांब जमीन द्या, मठ्ठ निघाली तर तुम्हाला वाटेल ते करा! त्या किड्यामुंग्यांतला एक मोतोकियो, तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. पुढे दीडशे वर्षांनी, १७०७ मध्ये, ताकामोतोचा वंश गादीवर बसायला शिल्लक उरला नाही, तेव्हा मोरींच्या मुख्य गादीवर जो आला, तो या मोतोकियोचाच वंशज होता.

प्रश्न : कोकू म्हणजे नक्की किती? प्रत्येक सरदाराच्या नावापुढे हा आकडा असतो.

उत्तर : एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, वजनात दीडशे किलोच्या आसपास, ढोबळमानानं एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. दहा हजार कोकूंची किंवा त्याहून जास्त उत्पन्नाची जहागीर असली की तो दाइम्यो, म्हणजे आपण इथे ज्याला सरदार म्हणतो आहोत तो. तोकुगावा काळात, म्हणजे त्या घराण्याचे शोगुन (लष्करी राज्यकर्ते) देश चालवत तेव्हा, असे साधारण २६० ते २७० होते आणि त्यांत सगळ्यात बडे कानाझावाचे माएदा, दहा लाख कोकूंच्या वर. एक लक्षात ठेवा, आकडा जमिनीच्या अंदाजी पिकाचा आहे. ते सगळं धान्य काही सरदाराच्या कोठारात पडत नसे.

प्रश्न : सरदारांच्या मुली तहासाठी दिल्या जात. तह मोडला की त्या मुलीचं काय व्हायचं?

उत्तर : ज्या घरात दिली त्या घराच्या नशिबाला बांधलेली. पण ठरावीक उत्तर नाही, म्हणून एकच तह शेवटपर्यंत उलगडून दाखवते.

१५५४ च्या सुमाराला तीन शेजारी घराण्यांनी तीन लग्नांत एकमेकांना गुंतवलं. काई प्रांताचे ताकेदा, सागामीचे होजो आणि सुरुगाचे इमागावा. ताकेदा शिंगेनची मुलगी होजोंकडे गेली, होजो उजियासूची मुलगी इमागावांकडे, इमागावांची मुलगी ताकेदांकडे. प्रत्येकाची एक लेक दुसऱ्याच्या घरात, आणि तिसऱ्याची लेक आपल्या घरात. कागदावर बघाल तर याहून पक्की बांधणी नाही.

१५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत इमागावा योशिमोतो मारला गेला आणि त्याचं घर खिळखिळं झालं. शेजारचं घर कोसळायला लागलं की शिंगेनला गप्प बसवत नसे. पण त्याच्या थोरल्या मुलाची, योशिनोबूची, बायको इमागावांची. १५६५ मध्ये योशिनोबूवर बापाविरुद्ध कट केल्याचा ठपका आला, त्याला एका देवळात कोंडलं आणि १५६७ मध्ये तो तिथेच मेला. सून माहेरी पाठवून दिली. १५६८ संपता संपता शिंगेन सुरुगात घुसला.

इमागावांच्या घरात तेव्हा उजियासूची लेक होती. हायाकावा-दोनो या नावानं इतिहास तिला ओळखतो. ताकेदांचं सैन्य राजधानीत शिरलं तेव्हा पळताना तिला पालखीसुद्धा मिळाली नाही, पायी जावं लागलं. ही बातमी ऐकून उजियासू जे संतापला ते त्याच्या पत्रात आजही वाचता येतं. प्रांत गेला, तह मोडला, हे सगळं एकीकडे. माझ्या मुलीला पालखी मिळू नये, ही बेअब्रू धुऊन काढता येणार नाही, असं तो लिहितो. आणि त्या रागात त्यानं चक्क उएसुगी केन्शिनशी, आपल्या जुन्या वैऱ्याशी, हातमिळवणी केली. अर्थात राजकारणाचाही हिशेब होताच, पण हिशेबाच्या कागदात पालखी कुणी लिहीत नाही.

आता पुढचं. हायाकावा-दोनोचा नवरा उजिझाने राज्य घालवलेला सरदार म्हणून बदनाम आहे. १५७५ मध्ये क्योतोत त्यानं ओदा नोबुनागासमोर, म्हणजे ज्यानं बापाला मारलं त्याच्यासमोर, चेंडू लाथेनं वर उडवत ठेवायचा दरबारी खेळ खेळून दाखवला. लोक आजही त्याला यावरून हसतात. मी हसत नाही. ताकेदा १५८२ मध्ये संपले, होजो १५९० मध्ये. उजिझाने आणि त्याची बायको दोघं होजोंच्या, मग तोकुगावांच्या आसऱ्यानं राहिली, एकत्र राहिली आणि म्हातारी झाली. ती १६१३ मध्ये गेली, तो दोन वर्षांच्या आत. लग्नाला जवळजवळ साठ वर्षं झाली होती. नातवंडांना तोकुगावांच्या दरबारात मानाच्या जागा मिळाल्या. तिघांपैकी कोण हरलं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : मुलीबरोबर हुंड्यात काय जायचं?

उत्तर : लाखेचं सामान. पेट्या, आरसे, सुगंधाची भांडी, लिहायचं साहित्य. सगळ्यात प्रसिद्ध संच नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. तिसरा शोगुन इएमित्सूची मुलगी चियोहिमे १६३९ मध्ये ओवारीच्या तोकुगावांकडे नांदायला गेली, त्या वेळचा. लाखेवर सोन्याचं काम, कोआमी घराण्याच्या कारागिरांचं. सामानात अग्रमान शिंपल्यांच्या डब्यांच्या जोडीला असे. या शिंपल्यांचे दोन दल वेगळे करून जोड्या लावायचा खेळ खेळत, आणि एका शिंपल्याच्या दलाला दुसऱ्या कुठल्याच शिंपल्याचा दल बसत नाही, म्हणून एकनिष्ठेची ती खूण. वरातीत हे डबे पुढे चालत आणि सासरकडचा वजनदार माणूस ते हातात घेई. चियोहिमेचं वय सांगायचं राहिलं : दोन वर्षं.

प्रश्न : तोकुगावा इएयासूनं स्वतःच्या बायकोला आणि मुलाला मारलं, हे नोबुनागाच्या दबावामुळे की स्वतःच्या मर्जीनं?

उत्तर : १५७९ मध्ये त्याची पहिली बायको त्सुकियामा-दोनो हामामात्सूजवळ मारली गेली आणि थोरला मुलगा नोबुयासू याला फुतामाता किल्ल्यात पोट फाडायला लावलं, विशीतच. जुनी कथा अशी की नोबुयासूची बायको तोकुहिमे ही नोबुनागाची मुलगी. तिनं बापाला बारा तक्रारींचं पत्र धाडलं, सासू ताकेदांशी संधान बांधते वगैरे, आणि नोबुनागानं हुकूम सोडला. ही कथा तोकुगावांच्या राज्यात रुजली, आणि त्या राज्यात मूळपुरुषाच्या हाताला रक्त लागलेलं कुणाला परवडणार होतं? सगळा दोष सुनेच्या चहाडीवर आणि परक्या सरदाराच्या दडपणावर ढकलणं सोयीचं होतं. आताचे बरेच अभ्यासक घरातल्याच फुटीकडे बोट दाखवतात : बाप हामामात्सूत, मुलगा ओकाझाकीत, दोघांभोवती मानकऱ्यांचे दोन गट. मला हे जास्त पटतं. सून आणि सासू यांच्यावर खापर फोडून मोकळं होणाऱ्या इतिहासाकडे मी जरा संशयानंच बघते.

तोकुहिमे दोन लेकी मागे ठेवून माहेरी परतली आणि १६३६ पर्यंत जगली. त्या लेकींतल्या एकीचा मुलगा होंदा तादातोकी. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा इएयासूची नात सेनहिमे विधवा झाली. तिच्या नवऱ्याला, तोयोतोमी हिदेयोरीला, तिच्या आजोबांनीच संपवलं होतं. पुढच्या वर्षी तिचं दुसरं लग्न लावलं ते याच तादातोकीशी. म्हणजे इएयासूनं मारलेल्या मुलाचा नातू, इएयासूनं विधवा केलेल्या नातीला दिला. हिमेजी किल्ला पाहायला जाल तेव्हा सेनहिमेचा बुरूज दाखवतील, त्यामागे ही भानगड आहे.

प्रश्न : या लोकांच्या पत्रांत कधी हसूबिसू असतं की नुसतंच रक्त?

उत्तर : असतं की! नोबुनागानं आपल्या हाताखालच्या हिदेयोशीच्या बायकोला, नेनेला, लिहिलेलं एक पत्र शिल्लक आहे. ती भेटवस्तू घेऊन त्याला भेटून गेली होती आणि बहुधा नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाची कुरबुर करून गेली होती. नोबुनागा लिहितो : मागे पाहिलं त्यापेक्षा तू दुपटीनं देखणी झाली आहेस. असं असून तो तुझ्याबद्दल कुरकुरतो हे अक्षम्य आहे. त्या टकल्या उंदराला कुठेही शोधलं तरी तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाही. तेव्हा घरधनीण म्हणून रुबाबात राहा, मत्सर करू नकोस. आणि शेवटी : हे पत्र त्याला दाखव.

त्यावर नोबुनागाचा तोच लाल शिक्का आहे, जो तो राज्यकारभाराच्या कागदांवर उठवायचा. खासगी समजुतीला सरकारी मोहोर. टकल्या उंदरानं वाचताना मान खाली घातली असेल की नाही?

प्रश्न : होसोकावा ग्रासियानं खरंच आत्महत्या केली का? ती ख्रिस्ती होती ना?

उत्तर : होती, म्हणूनच केली नाही. ती आकेची मित्सुहिदेची मुलगी तामा. १५८२ मध्ये बापानं नोबुनागाचा घात केला, तेव्हा तिला मारायचं की ठेवायचं या पेचात नवऱ्यानं, होसोकावा तादाओकीनं, तिला दोन वर्षं तांगोच्या डोंगरात दडवून ठेवली. १५८७ मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. १६०० मध्ये तोकुगावांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या इशिदा मित्सुनारीनं ओसाकात राहणाऱ्या सरदारपत्नींना ओलीस धरायला सुरुवात केली. तादाओकी मोहिमेवर, आणि ओलीस जायचं नाही हा त्याचा हुकूम. तिनं बरोबरच्या बायकांना बाहेर काढलं आणि कारभारी ओगासावारा शोसाईनं तिला मारून वाड्याला आग लावली.

तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला तिच्या सुनेबद्दल लिहायचं आहे. थोरला मुलगा तादाताकाची बायको माएदा तोशिइएची मुलगी होती. ती त्या वाड्यातून निसटून शेजारी बहिणीच्या सासरी गेली आणि वाचली. वाचली, एवढाच तिचा गुन्हा. सासूबरोबर मेली नाही म्हणून तादाओकीनं मुलाला बजावलं, हिला सोड. मुलानं सोडली नाही, तर त्याचा वारसाहक्कच काढून घेतला. गादी गेली तिसऱ्या मुलाकडे, तादातोशीकडे, जो तेव्हा एदोत, म्हणजे तोकुगावांच्या राजधानीत, आजच्या तोक्योत, ओलीस होता. याच तादातोशीला १६३२ मध्ये कुमामोतोची ५ लाख ४० हजार कोकूंची जहागीर मिळाली.

प्रश्न : सरदारांच्या बायकांना कायम राजधानीत ठेवत असत. मग त्या कैदीच म्हणायच्या ना?

उत्तर : पहिली गेली ती माएदांची मात्सु. तोशिइएची विधवा, पन्नाशी उलटलेली. १६०० मध्ये तोकुगावांना माएदांचा संशय आला, तेव्हा मुलाच्या घराण्यावरचं बालंट टळावं म्हणून ती एदोला गेली आणि चौदा वर्षं राहिली. १६१४ मध्ये तो मुलगाच वारला, तेव्हा कुठे सुटका झाली. सुटका तरी कसली, अदलाबदल : नव्या सरदाराची आई, म्हणजे तिच्या नवऱ्याची दुसरी बायको, तिच्या जागी ओलीस गेली.

१६३५ मध्ये इएमित्सूनं हे सगळ्यांसाठी नियमात बसवलं. सरदारानं आलटून पालटून साधारण एक वर्ष एदोत, एक वर्ष जहागिरीत राहायचं; लग्नाची बायको आणि वारस मात्र कायम एदोत. शहरात येणाऱ्या बंदुका आणि शहराबाहेर पडणाऱ्या बायका, या दोन गोष्टींवर नाक्यांचा डोळा असे. हाकोनेच्या नाक्यावर बायकांच्या झडतीला बायकाच नेमलेल्या. परवान्यावर जे वर्णन लिहिलं असेल ते पडताळायचं, प्रसंगी केस सोडायला लावून आत बोटं घालून बघायचं. कुठल्या सरदाराची बायको दासीच्या वेषात निसटते आहे का, ही भीती.

तेव्हा कैदी, हो. पण दुसरी बाजूही बघा. मुलं एदोत जन्मली, एदोत वाढली. गादीवर बसलेला तरुण सरदार आपली जहागीर पहिल्यांदा बघायचा तो पाहुण्यासारखा, तिथली बोलीही त्याला धड कळायची नाही. घर म्हणजे एदोचा वाडा आणि त्या वाड्याची मालकीण ही बाई. कानाझावाहून एदोपर्यंतची वाट बारा-तेरा दिवसांची, लवाजमा भरात असताना दोन ते चार हजार माणसांचा. खर्चाच्या खाईत नवरा, आणि दर वर्षी उन्हापावसात रस्ता तुडवणाराही नवराच.

तोक्योत गेलात तर विद्यापीठाचा लाल दरवाजा जरूर बघा. तो माएदांच्या वाड्याचा आहे. १८२७ मध्ये अकरावा शोगुन इएनारीची मुलगी योहिमे माएदांकडे आली, तिच्या स्वागतासाठी बांधलेला. इएनारीला पन्नासावर मुलं होती, आणि एवढ्या सगळ्यांना खपवायचं तर सरदारांच्या घरांशिवाय जागा कुठली? शोगुनची लेक येणार म्हणजे मान मोठा आणि खर्च त्याहून मोठा.

१८६२ मध्ये नियम ढिला झाला, बायकामुलांना जहागिरीत जायला मोकळीक मिळाली. वाडे भराभर ओस पडले. दोन वर्षांनी शोगुनशाहीनं त्यांना परत बोलावून पाहिलं, कुणी फारसं फिरकलं नाही. १८६८ मध्ये ती शोगुनशाहीच संपली.

प्रश्न : मुलगा नसेल तर घराणं बुडायचं का? आणि दत्तकावर चालणाऱ्या घराण्याला 'अखंड' का म्हणायचं?

उत्तर : बुडायचं. सुरुवातीला मरणशय्येवर दत्तक घ्यायलाच बंदी होती, त्यामुळे सरदार अचानक गेला की जहागीर जप्त आणि हजारो सामुराई रस्त्यावर. अशा बेकार सामुराईंचा कट १६५१ मध्ये उघडकीला आला, तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि १७ ते ५० वयाच्या सरदारांसाठी बंदी सैल झाली.

उएसुगींचं उदाहरण घ्या. ज्या केन्शिनच्या नावावर हे घर मिरवतं, तो मुळात नागाओ. उएसुगी हे नाव त्याला १५६१ मध्ये मिळालं. त्यानं लग्न केलं नाही. १५७८ मध्ये वारस न नेमता गेला आणि मागे दोन दत्तक : बहिणीचा मुलगा कागेकात्सु आणि होजोंकडून आलेला कागेतोरा. हो, त्याच उजियासूचा मुलगा, पालखीविना पळालेल्या हायाकावा-दोनोचा भाऊ. कागेतोराची बायको ही कागेकात्सूची सख्खी बहीण. दोघं वर्षभर लढले, कागेतोरा संपला, त्याचं पोरही मारलं. १६६४ मध्ये कागेकात्सूचा नातू निपुत्रिक मेला. बहिणीचं तान्हं पोर, किरा योशिनाकाचा मुलगा, गादीवर बसवून घर वाचवलं, पण होती ती तीन लाख कोकूंची जहागीर दीड लाखावर आली. (हा किरा तोच, सत्तेचाळीस रोनिनांनी, म्हणजे मालक गमावलेल्या सामुराईंनी, ज्याचं डोकं उडवलं.)

जमीन निम्मी झाली, मानकऱ्यांची पलटण मात्र तेवढीच. शंभर वर्षांत योनेझावा, म्हणजे उएसुगींची जहागीर, कर्जात बुडाली. अशा वेळी गादीवर आला तो क्यूशूतल्या ताकानाबेच्या छोट्याशा आकिझुकी घराण्यातला दत्तक, हारुनोरी, पुढे योझान म्हणून प्रसिद्ध झालेला. आईच्या आजोळाकडून उएसुगींचं नातं होतं, एवढंच. १७६७ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या या पोरानं घरखर्च वर्षाला दीड हजार रियोंवरून (रियो म्हणजे सोन्याचं नाणं) २०९ रियोंवर आणला, पन्नास दासींच्या नऊ केल्या, सुती कपडे आणि एक सार-एक भाजी हा स्वतःचा नेम केला. सात बड्या मानकऱ्यांनी १७७३ मध्ये त्याला कोंडीत पकडलं, दत्तकाला काय कळतं हाच सूर. त्यानं दोघांना पोट फाडायला लावलं. साधा होता, बुळा नव्हता.

त्याचं लग्न आधीच्या सरदाराच्या मुलीशी, युकिहिमेशी, ठरूनच आलेलं. तिचं शरीर आणि मन दोन्ही लहान मुलीएवढीच राहिली होती. तो तिला बाहुल्या, कागदाचे बगळे करून द्यायचा, तिच्याशी खेळायचा, असं सांगतात. ती तिशीच्या आत, १७८२ मध्ये गेली. तिच्या बापानं मुलीचे कपडे हातात घेतले तेव्हा ते किती लहान होते हे पाहून त्याला रडू फुटलं, असंही सांगतात.

आणि १७८५ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आत, योझाननं गादी सोडली. सोडली ती आधीच्या सरदाराच्या सख्ख्या मुलाला, म्हणजे ज्यांच्या घरात दत्तक आला त्यांच्याच रक्ताला परत. सोबत तीन कलमांचा कागद दिला : राज्य पूर्वजांकडून आलेलं आणि वंशजांना द्यायचं आहे, ते खासगी नव्हे. रयत राज्याची आहे, तीही खासगी नव्हे. आणि सरदार राज्यासाठी व रयतेसाठी असतो, राज्य आणि रयत सरदारासाठी नसतात. तुमच्या 'अखंड का म्हणायचं' याचं उत्तर याच कागदात आहे. ज्याला गादीवर बसवलं तो राखणदार होता. रक्त असलं तर उत्तम, नसलं तर माणूस शोधायचा.

प्रश्न : एखादी बाई स्वतः किल्ल्याची मालकीण झाली का?

उत्तर : झाली. ताचिबाना गिन्चियो. १५७५ मध्ये बाप बेक्की दोसेत्सूनं हाकाताजवळचा ताचिबाना किल्ला रीतसर कागद करून तिच्या नावावर केला, वरच्या सरदारानं मंजुरी दिली. तेव्हा ती सात वर्षांची. सहा वर्षांनी नवरा मुनेशिगे घरजावई म्हणून आला आणि घराचा प्रमुख झाला. पण याला नवलाई समजू नका. १२३२ च्या कामाकुरा कायद्यात बाईला जमीन मिळायची, मूलबाळ नसेल तर दत्तक घेऊन ती पुढे देता यायची. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले, मग मुलींना फक्त हयातीपुरता वाटा आणि शेवटी सगळं एकाच मुलाला, अशी ती घसरण आहे. गिन्चियो त्या घसरणीच्या तळाशी अपवाद म्हणून उभी आहे, चारशे वर्षं आधी जन्मली असती तर अपवाद ठरली नसती.

प्रश्न : या घराण्यांचं आज काय?

उत्तर : १८७१ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १८८४ मध्ये पाच पायऱ्यांचे नवे किताब आले, १९४७ मध्ये तेही गेले. आता ती चारचौघांसारखी माणसं आहेत, फक्त काहींकडे संग्रहालय आहे. होसोकावा मोरिहिरो १९९३ मध्ये पंतप्रधान झाले ते कुमामोतोच्या होसोकावांचे, म्हणजे बायको सोडायला नकार दिलेल्या त्या भावाऐवजी गादी मिळालेल्या तादातोशीचं घर. मोतोनारीचं पत्र यामागुचीतल्या होफूच्या मोरी संग्रहालयात, चियोहिमेचा हुंडा नागोयाला. दोन्ही ठिकाणी मूळ वस्तू बाराही महिने मांडलेल्या नसतात. जायचं असेल तर आधी प्रदर्शनाच्या तारखा बघून घ्या, नाहीतर नक्कल पाहून परत याल.